जिन्याखालच्या खांबाचं मीठ

माणूस मेलं की संपलं, असं शहाणी माणसं म्हणतात. भामाबाईला जन्मात कुणी शहाणी म्हटलं नव्हतं, त्यामुळं तसं मानायची तिच्यावर सक्ती नव्हती. आष्ट्याबाहेरच्या मुलींच्या शाळेत ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढायची. झाडू-बादल्यांच्या आणि एका दांडग्या लोखंडी कपाटाच्या मागं एक खांब होता, त्याच्या पायाशी चिमूटभर मीठ टाकायची, वर ओंजळभर पाणी सोडायची आणि म्हणायची, "घे गं बनू." मग पदर खोचून झाडायला लागायची.

चिमूट रोजची. अमावस्येला मूठ.

अशी पस्तीस वर्षं झाली. मधे तिची दोन बाळंतपणं झाली, एकदा पाय मोडला, एकदा टायफॉईड झाला. त्या वेळी नवरा गुंडा जायचा. मेंढरांमागं हिंडणारा माणूस तो, मिठाची पुडी कमरेला लावून कुरकुरत जायचा. "बायको जिती असून मला मेलेलीची चाकरी," म्हणायचा. पण जायचा. गुंडा सहा वर्षांमागं गेला. त्यानंतर ही गोष्ट भामाबाईला ठाऊक, आणि असलंच तर बनूला.

बनू, म्हणजे बनुबाई, तिच्याच वस्तीवरची. औंधच्या पलीकडं माळावर धनगरांची दहा-बारा घरं. पाऊस पडला तर पडला, नाहीतर माणसं आणि मेंढरं दोन्ही खाली नदीकाठाला यायची. पुरुष उसाच्या रानात मेंढरं बसवायचे, बाया बांधकामावर जायच्या. या शाळेच्या बांधकामावर दोघी बरोबरच लागल्या. भामा एकोणीस वर्षांची, बनू एखाद्या वर्षानं मोठी. एकच चूल, एकच तवा. एक दिवस भामा करायची, एक दिवस बनू.

पहिल्या मजल्याचा स्लॅब पडायचा होता तो दिवस भामाचा होता. मुकादमानं तांबडं फुटायच्या आधी हाळी घातली. स्लॅब म्हणजे लगीनघाई. एकदा माल ओतायला सुरुवात केली की मधे थांबता येत नाही. भामानं कशीबशी भाकरी थापली, पिठलं रटरटवलं आणि निघाली. दुपारी दोघी वाळूच्या ढिगाच्या सावलीला बसल्या. बनूनं घास तोंडात घातला आणि थांबली.

"काय गं बये, मीठ सासरी पाठवलंस व्हय?"

भामानं चाखून पाहिलं. पिठलं साफ आळणी.

"खा गप," ती म्हणाली. "उद्या दोन चिमटी जास्त टाकीन."

"उद्या तर माझी पाळी. आज आळणी घातलंस त्ये घातलंस, उद्याचं माझ्यावर ढकलतीस?"

हसली आणि खाल्लं तिनं ते तसंच. पोटात काहीतरी जायला हवं, अजून अर्धा स्लॅब बाकी होता. तासाभरानं माल भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन बनू परांचीवरून चढत होती. फळी सरकली. ती खाली आली ती जिन्याशेजारच्या खांबाच्या पायाशी. खाली खडी होती.

तिला टेंपोत घातलं. मुकादमानं कपाळाला हात लावला, आणि मग तोच हात हलवून म्हणाला, "चला बायांनो, माल आवळतोय." स्लॅब थांबत नाही. भामानं संध्याकाळपर्यंत आपली घमेली वाहिली आणि रांगेत बनूची जागा मोकळी राहू नये म्हणून बनूच्या वाटणीचीही वाहिली. सांगलीहून टेंपो रिकामा परत आला तेव्हा शेवटचा कोपरा ओतून झाला होता. रात्री स्लॅबचं जेवण होतं, मालकानं बकरं कापलं होतं. भुकेपुढं माणसाला लाज नसते. भामा जेवली. रश्श्यात मीठ अगदी बरोबर होतं. ते तिला पुढं कधी विसरता आलं नाही.

दहाव्याला वस्तीजवळच्या ओढ्यात पिंड ठेवला. कावळे बाभळीवर येऊन बसले आणि बसूनच राहिले. बनूच्या बापानं म्हटलं, तुझी म्हातारी आई सांभाळीन. भावानं म्हटलं, तुझ्या नावानं पाणपोई घालीन. कुणी लुगड्याचं कबूल केलं, कुणी देवीच्या डोंगरावर जायचं. सूर्य माथ्यावर आला. कावळा काही खाली उतरेना. बाया रडायच्याही थकल्या. भामा मागं उभी होती. ती मनातल्या मनात म्हणाली, 'बनू, मी जिती हाय तवर तुला मीठ देईन. एक दिस चुकायची न्हाई.'

आणि बाभळीवरून एक कावळा उतरला.

पुढं इमारत पूर्ण झाली तेव्हा शाळेला झाडलोटीला बाई हवी होती. भामा हजर. लोकांना वाटलं, पोटासाठी आली.

आता खांब म्हणजे काही मुका प्राणी नव्हे, असं भामाबाईचं मत बनत गेलं. दहा-बारा वर्षांनी त्याच्या पायाशी पांढरी बुरशी फुलली, कापसासारखी. तिनं मान डोलवली, पोचतंय म्हणाली. पुढं तांबूस ओघळ आले. ते कुंकवाचे असणार. मग एक उभी भेग आली. तिनं भेगेवर हात ठेवून विचारलं, "जागा पुरंना व्हय गं?" वाऱ्याच्या दिवसांत खांबातून 'टक्' असा आवाज यायचा. वसतिगृहातल्या पोरी म्हणायच्या, जिन्याखाली बाई आहे. नव्या शिक्षिका तसं बोलू नका म्हणून दटावायच्या आणि स्वतः संध्याकाळी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरायच्या.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत गुंडानं शाळेच्या मैदानात मेंढरं बसवली होती. एक म्हातारी मेंढी कळपातून उठली, सरळ चालत गेली आणि जिन्याखालच्या खोलीची बाहेरची भिंत चाटायला लागली. तिच्यामागं दुसरी, मग पाच-सात. गुंडा बघत राहिला. "आगं, भिंतीच्या भायेर आलंय तुझं मीठ," तो म्हणाला. "जरा हात आखड."

"तिची भूक तुला काय ठावं?" भामाबाई म्हणाली. तो विषय तिथंच संपला. संपायला नको होता, पण मेंढीचं कोण ऐकतं?

यंदाच्या मेमध्ये वळवाचं वादळ आलं ते असलं-तसलं नव्हतं. दुपारी चारला पश्चिमेकडून आभाळ काळं-पिवळं झालं आणि वाऱ्यानं शाळेच्या वरच्या सभागृहाचे पत्रे उचलले. पत्रे उसात जाऊन पडले, पत्रे पेलणाऱ्या दोन लोखंडी कैच्या वाकल्या, पश्चिमेची त्रिकोणी भिंत व्हरांड्यावर आडवी झाली. सुट्टी होती म्हणून पोरी नव्हत्या. भामाबाई खिडक्या लावायला वर गेली होती. ती पळत खाली आली आणि जिन्याखाली, कपाटामागच्या फटीत शिरून खांबाला मिठी मारून उभी राहिली. वर सगळं धडधडत होतं. आणि तिच्या गालाखाली, खांबाच्या आत, ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. एकदा. मग खांब हलला. केसाइतका, पण हलला.

"बनू, हाय मी," ती म्हणाली.

वादळ गेलं. भामाबाईला वाटलं, बनूनं वाचवलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वॉचमन ज्ञानू विचारत होता, "मावशे, कुठं दडलीवतीस?" तर म्हणाली, "देवाच्या मागं."

आठवड्यानं सांगलीहून इंजिनिअर आली. नाव श्रद्धा. तिशीची असेल. पायात जाड बूट, डोक्यावर पिवळं टोपडं, हातात हातोडी, खडू आणि टॉर्च. संस्थेचे सचिव हंबीरराव तिला घेऊन फिरत होते. त्यांना घाई होती आणि त्या घाईत खोट नव्हती. पंधरा जूनला शाळा उघडायची. वसतिगृहात साठ पोरी, बहुतेक दुष्काळी पट्ट्यातल्या. शाळा महिना-दोन महिने उघडली नाही तर त्यातल्या वीस-पंचवीस परत येणार नाहीत, त्यांच्या पत्रिका छापल्या जातील, हे हंबीररावांना तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. भामाबाईलाही माहीत होतं. तिनं अशा कितीतरी पोरींच्या वळकट्या खोल्यांतून रिकाम्या केल्या होत्या.

"बाई, इमारत ठीक असल्याचा कागद लवकर द्या," हंबीरराव म्हणाले. "वरचे पत्रे आमी दहा दिवसांत टाकतो. खालची इमारत दगडागत हाय."

"बघू या, दगड काय म्हणतोय," श्रद्धा म्हणाली.

ती खांबांवर हातोडीनं टकटक करत जायची आणि कान लावायची. वैद्यानं छाती ठोकून बघावी तशी. एक खांब, दुसरा, तिसरा. टणटणीत आवाज यायचा. कैच्यांचे बोल्ट, भिंतीचे सांधे, पाण्याच्या टाकीचा चौथरा, सगळं बघून ती जिन्याच्या मधल्या टप्प्यावर येऊन थांबली. तिथं तुळईला एक तिरकी भेग होती.

"हे चमत्कारिक आहे," ती म्हणाली. "वादळानं मारलं पश्चिमेला, आणि रडतंय पूर्वेला."

"जुनी भेग असंल," हंबीरराव म्हणाले.

"कडा ताज्या आहेत. याच्या खाली काय आहे?"

"झाडू-बादल्या," भामाबाई म्हणाली. तिला विचारलं नव्हतं.

खोली उघडली. कपाट खांबाला जवळजवळ चिकटून उभं, मागं सवयीच्या भामाबाईलाच शिरता येईल एवढी फट, वर छतापर्यंत मोडके बाक रचलेले. कपाटात जुनी हजेरीपुस्तकं खच्चून भरलेली. खांबाचा वरचा हातभर भाग तेवढा दिसत होता. श्रद्धानं बाकावर चढून तिथं हातोडी मारली. टणटणीत. तिचं समाधान झालं नाही. कपाट सरकवायला माणसं लागतील म्हणाली. त्या दिवशी माणसं सगळी पत्रे गोळा करायला उसात गेली होती. मग तिनं पिशवीतून काचेची एक पातळ पट्टी काढली आणि वरच्या भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवली. प्लास्टरवर तारीख कोरली.

ज्ञानूनं विचारलं, "आवं, ह्यानं काय व्हतंय?"

"भेग जिवंत असली तर काच फुटेल. मेलेली असली तर नाही फुटणार. आठ दिवसांनी येते. काच शाबूत असली तर पत्र देते, फुटली तर सगळं उघडून बघायचं. तोपर्यंत जिन्यावर कुणी जायचं नाही."

जिवंत आणि मेलेलं यात एवढा सोपा फरक असतो, हे भामाबाईला नवं होतं. ती काचेकडं बराच वेळ बघत राहिली.

पुढचे दिवस ती सकाळी आली की आधी मीठ द्यायची आणि मग जिन्याच्या कठड्याशी उभी राहून वर काच बघायची. पहिला दिवस शाबूत. दुसरा शाबूत. तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. बरं अशासाठी, की काच फुटली तर खोली उघडणार, कपाट सरकणार, पांढरं-तांबडं सगळं दिसणार, आणि मग खांब फोडणार. बनूचं घर फोडणार. जन्मभराचं कबूल केलेलं, त्याचं काय? पिंडाला शिवलेला कावळा काही परत बोलावता येत नाही.

सहाव्या दिवशी काच फुटली होती. मधोमध, सरळ, बोरूनं रेघ ओढल्यासारखी.

ज्ञानूनंही पाहिली. त्यानं हंबीररावांना फोन लावला. वर पत्रेवाले घणाचे घाव घालत होते. हंबीररावांना तेच पटलं. "त्यांच्या धक्क्यानं फुटली असंल," ते म्हणाले. "दुसरी लाव. बाईंनी उगं खोट काढायला नको. पोरींचा प्रश्न हाय." ज्ञानूनं खिडकीच्या फुटक्या तावदानातनं एक पट्टी कापली, प्लास्टर कालवलं आणि खिळ्यानं तीच जुनी तारीख कोरली. अक्षरही जमवलं. जिन्यावरनं उतरताना त्याला भामाबाई दिसली.

"मावशे, तू काय बघितलं न्हाईस," तो म्हणाला.

"माझं डोळं कवाचं अधू झाल्यात," ती म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी घरी तिनं दोन घास खाल्ले आणि थांबली. सून म्हणाली, "आत्या, भाजी बिघडली का?" "न्हाई गं, मीठ बरोबर हाय," भामाबाई म्हणाली, आणि ताट सरकवलं. काच आपोआप फुटली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वादळात गालाखाली खांब हलला होता. तो हलला, हे जगात दोघींना माहीत, आणि त्यातली एक बोलू शकत नव्हती.

आठव्या दिवशी श्रद्धा आली. जिन्याच्या टप्प्यावर गेली, टॉर्च मारली. काच शाबूत. तारीख बरोबर. तिनं बोटानं काच पुसली, थोडा वेळ कपाळाला आठी घालून उभी राहिली आणि खाली आली.

"मला वाटलं होतं, फुटेल," ती म्हणाली. "बरं झालं. तात्पुरतं पत्र देते. कपाट मात्र सुट्टीत कधीतरी हलवून घ्या."

हंबीररावांनी खुर्ची पुढं केली. श्रद्धा कागद काढून लिहायला बसली. भामाबाई दारात उभी होती. पदराला मिठाची पुडी, आज अमावस्या होती. बाईंच्या पेनाचा आवाज येत होता. कागदावरच्या त्या दोन ओळींवर सोमवारी साठ पोरी जिना चढणार होत्या, वळकट्या डोक्यावर घेऊन, एकामागं एक, परांचीवरनं चढाव्यात तशा.

भामाबाईनं मनात म्हटलं, 'बनू, एवढी खेप माफ कर.'

"बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "ती काच दुसरी हाय. पहिली फुटली."

पेन थांबलं. ज्ञानू मैदानाकडं बघायला लागला. हंबीररावांचा चेहरा पडला.

"मावशी, तुमी संस्थेचं मीठ खाल्लंय," ते हळू आवाजात म्हणाले.

"खाल्लंय न्हवं, चारलंय," भामाबाई म्हणाली. "चला, दावते."

चौघांनी मिळून बाक उतरवले. हजेरीपुस्तकं बाहेर काढली, कपाट सरकवलं. खाली गुडघाभर उंचीपर्यंत खांब पांढऱ्या लोकरीनं वेढल्यासारखा दिसत होता आणि त्यातून तांबडे ओघळ. श्रद्धानं हातोडी मारली. टणटण नाही, भद्द, ओल्या मडक्यासारखं. दुसऱ्या घावाला गिलावा आणि त्याच्यामागचं काँक्रीट पापडासारखं सुटून तिच्या बुटावर पडलं. आत सळया होत्या. होत्या म्हणायचं. अंगठ्याएवढी असायची ती सळई सुंभासारखी झाली होती, आणि एक तर मधेच तुटून दोन टोकं वेगळी झाली होती. तिथं ताजी, चकचकीत मोड होती.



श्रद्धा गुडघ्यावर बसली. "हे पावसानं होत नाही," ती जणू स्वतःशीच म्हणाली. "असं मी समुद्राकाठी बघितलंय. आष्ट्यात समुद्र कुठनं आला?" तिनं पांढरी भुकटी बोटावर घेतली, निरखली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, बोटाचं टोक जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली.

भामाबाई पालथ्या बादलीवर बसली. पस्तीस वर्षं ती एका तोंडून एवढं ऐकायला थांबली होती. तेच तोंड नव्हतं, पण त्याच खांबाच्या पायाशी, तशाच तरण्या एका बाईनं घास चाखावा तसं चाखून सांगितलं होतं. तिला रडू आलं नाही. तिच्या अंगावर काटा आला आणि तो बराच वेळ गेला नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. आळणी पिठलं, फळी, खडी, बाभळीवरचे कावळे, चिमूट, मूठ. मेंढीचंही सांगितलं. श्रद्धानं ऐकून घेतलं. इंजिनिअर माणूस, तिनं सांगितलं ते तिच्या भाषेत: मीठ पाण्याबरोबर काँक्रीटच्या आत झिरपतं, लोखंडाला गंजवतं, गंज फुगतो आणि फुगला की बाहेरचं काँक्रीट फोडून टाकतो. तो 'टक्' आवाज त्याचाच. वादळानं वर हिसका दिला आणि आधीच अर्धमेली झालेली सळई तुटली.

"म्हंजी मीच खाल्ला खांब," भामाबाई म्हणाली.

श्रद्धानं खोटं सांगितलं नाही. "हो," म्हणाली. "आणि तुम्हीच दाखवला. सोमवारी त्या जिन्यावर साठ जणी आल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

ज्ञानू कोपऱ्यातनं म्हणाला, "बाई, त्या काचेचं..."

"तुमचं अक्षर छान आहे," ती म्हणाली. "पुन्हा माझी तारीख लिहू नका."

संध्याकाळपर्यंत तुळईखाली लोखंडी टेकू लागले. हंबीरराव स्वतः गाडी काढून गावात गेले, बाजारातला एक मोठा हॉल दोन महिन्यांसाठी मागून आले आणि भामाबाईजवळ थांबून म्हणाले, "पस्तीस वर्षं. आवं, एखादा दिस साखर तरी घालायची."

शाळा पंधरा जूनला उघडली, हॉलमध्ये. साठपैकी सत्तावन्न पोरी आल्या. उरलेल्या तिघींच्या घरी हंबीरराव आणि भामाबाई दोघं गेले. दोघी परत आल्या.

खांब फोडायला घेतला तेव्हा भामाबाई समोर स्टूल टाकून बसली. दोन दिवस. कामगारांना वाटलं, म्हातारी नजर ठेवतीये. ती वाट बघत होती. काहीतरी निघेल. बांगडीचा तुकडा, लुगड्याची चिंधी, केस. खडी निघाली. वाळू निघाली. गंज निघाला टोपलीभर. चांगली, घट्ट जागा लागेपर्यंत फोडलं, आणि आत काही नव्हतं. बनू तिथं नव्हती. ती कधी होती का, आणि नव्हती तर रोज सकाळी आपण कुणाला 'घे' म्हणत होतो, हा विचार भामाबाईनं एकदा केला आणि परत केला नाही. काही विचार भेगेसारखे असतात, बोट घातलं की वाढतात.

नव्या सळया बांधून झाल्या, फळ्या लागल्या. माल ओतायच्या दिवशी ती पहाटे उठली. सून म्हणाली, कशाला एवढ्या लवकर? भामाबाईनं पीठ मळलं, आठ भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. मीठ टाकलं. चाखलं. परत चाखलं. सुनेला चाखायला लावलं.

कामावर सात बाया होत्या, विजापूरकडच्या, कानडी-मराठी मिसळून बोलणाऱ्या. श्रद्धा पिवळं टोपडं घालून फळ्यांना हात लावून बघत होती. ती म्हणाली, "मावशी, पहिलं घमेलं तुम्ही घाला."

"मी? खांब खाणारी?"

"म्हणूनच. घमेल्यात बघते मी, आत काय आहे ते."

भामाबाई हसली. घमेलं डोक्यावर घेतलं. मानेला अजून सवय होती. फक्त एका गोष्टीवर ती अडून बसली. माल ओतणं मधे थांबायचं नाही, पण बायांनी जेवायचंही आहे. तर निम्म्या जेवतील, निम्म्या ओततील, आणि फळी दोघांनी धरायची. मुकादम म्हणाला, फळी काय पळून चाललीये? ती म्हणाली, "पळती. मी बघितलीय." मुकादमानं फळी धरायला दोन माणसं उभी केली.

दुपारी बाया वाळूच्या ढिगाच्या सावलीला बसल्या. भामाबाईनं वाढलं आणि समोर उभी राहिली. पहिलीनं घास घेतला. भामाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय बगतीस अव्वा?" ती बाई म्हणाली. "उप्पू बरोबर हाय."

उप्पू म्हणजे मीठ, एवढं कानडी भामाबाईला येत होतं.

सात भाकऱ्या सात जणींनी खाल्ल्या. आठवीवर तिनं पिठलं घातलं, घडी केली आणि वाळूच्या ढिगावर नेऊन ठेवली. 'घे' म्हणाली नाही. कबूल करण्यासारखं तिच्याजवळ काही उरलंही नव्हतं. खोली उघडी होती, पुडी घरी राहिली होती. ती वळून परत यायला लागली.

चार पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात मागं पंख वाजले. ज्ञानू म्हणाला, "मावशे, भाकरी नेली बघ कावळ्यानं."

"नेऊ दे," भामाबाई म्हणाली, आणि मागं न बघता रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेत एक जागा मोकळी होती.